ओसाड भूमीचे वाचन : मिठागर, दगडखाण आणि छायाचित्र

(इयत्ता सहावी व सातवीच्या परिसर-अभ्यासासाठी शिक्षकांस मार्गदर्शक पाठ)



मीरा रोड व भाईंदर या स्थानकांच्या परिसरातून जाताना इमारतींच्या रांगांमधून अधूनमधून एक निराळी भूमी दृष्टीस पडते. ती सपाट असते, तिच्यावर झाड नसते, आणि उन्हात ती डोळे दिपवते. एका सहलीत एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे वाळवंट आहे का?" या प्रश्नाचे उत्तर चटकन देऊ नये. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातूनच उभा करावा.

पाठाचा उद्देश

उजाड दिसणारी भूमी रिकामी नसते. तिच्यावर निसर्गाने व मनुष्याच्या श्रमाने काही लिहिलेले असते, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पाहून कळावे, आणि पाहिलेले त्यांनी छायाचित्र व टिपण यांच्या साहाय्याने जतन करावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

विषयप्रवेश

वाळवंट पावसाच्या अभावी होते. आपल्या किनाऱ्यावर तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग येथे झाड का नाही? कारण ही जमीन क्षाराने भरलेली आहे आणि ती तशी राहावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मेहनत केली आहे. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करावयाचे, वाफ्यांचा तळ तुडवून व धोपटून टणक करावयाचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत उन्हावर आटवावयाचे, असा हा व्यवसाय आहे. मिठाच्या या आगरांवर राबणाऱ्यांस आगरी हे नाव मिळाले, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. मिठाचे मोल केवळ स्वयंपाकापुरते नव्हते. सन 1930 मध्ये शिरोडे व वडाळा येथील मिठागरांवर लोकांनी सत्याग्रह केला, तो याच पांढऱ्या ढिगांसाठी.

वर्गातील प्रयोग व गणित

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे 27 ग्रॅम खाण्याचे मीठ. पाणी आटून मूळच्या साधारण दहाव्या भागावर आले म्हणजे मिठाचे स्फटिक पडू लागतात. शेवटी उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. ते कडवट असल्याने ते पाणी काढून टाकावे लागते.

आता फळ्यावर उदाहरण घालावे. 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद वाफ्यात 10 सेंटिमीटर खोल समुद्राचे पाणी घेतले, तर ते 10,000 लिटर होते. त्यातील सर्व मीठ हाती आले असे धरल्यास 270 किलोग्रॅम मीठ मिळेल. परंतु पहिला कण दिसण्यापूर्वी सुमारे 9,000 लिटर पाणी सूर्याला उचलून न्यावे लागेल. अवकाळी पावसाची एक सर आली की कित्येक दिवसांची मेहनत का वाया जाते, ते या आकड्यांवरून मुलांच्या सहज ध्यानी येते. पसरट थाळीत मिठाचे पाणी उन्हात ठेवून घनाकृती स्फटिक भिंगातून दाखवावेत.

दगडखाणीचा विचार

मिठागरात समुद्रातून द्रव्य काढले, तर खाणीत डोंगरातून. मुंबईतील राजाबाई मनोऱ्याचे काम 1869 ते 1878 या काळात झाले. त्यास कुर्ल्याचा पिवळसर दगड लागला. नगरात मनोरा उभा राहिला, म्हणजे कोठे तरी डोंगर तितका उणा झाला. मनोऱ्याचे चित्र सर्वांच्या संग्रही असते. खाणीचे क्वचितच असते.

आपल्याच रेल्वेमार्गावर अंधेरी येथे गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला हा काळ्या बसाल्टचा सुळका सुमारे 61 मीटर उंच आहे. सभोवतीचा खडक खणून नेल्याने तो आज एकाकी उभा दिसतो. त्याच्या अंगावरील उभे खांब निसर्गाने घडविले, परंतु त्याचे एकाकीपण मनुष्याने घडविले. हा भेद विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

दूरदेशीचे एक उदाहरण द्यावे. आफ्रिकेतील नामिबियाच्या वाळवंटात कोल्मनस्कॉप नावाचे गाव आहे. तेथे 1908 मध्ये हिरे सापडले, गाव भरभराटले, आणि 1956 पर्यंत निर्मनुष्य झाले. आज घरांच्या खोल्यांत वाळू शिरली आहे व ते दृश्य टिपण्यास जगभरचे छायाचित्रकार जातात. पहिला हिरा मात्र रेल्वेमार्गावरील वाळू उपसणाऱ्या झकारियस लेवाला या मजुराच्या हाती लागला होता. खोलीतील वाळूचे चित्र सुंदर असते, परंतु त्यात लेवाला दिसत नाही.

छायाचित्र कसे घ्यावे

आपल्याकडे पडक्या वास्तूंच्या छायाचित्रांची परंपरा जुनी आहे. मुंबई सरकारने 1855 मध्ये कॅप्टन बिग्ज या अधिकाऱ्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपविले होते. त्याकाळी अवजड साहित्य वाहून न्यावे लागे. आज ते काम खिशातील मोबाइल करतो. पाच विद्यार्थ्यांच्या गटास एक यंत्र पुरे.

1. सकाळच्या तिरप्या उन्हात बांधांच्या सावल्या पडून जमिनीची रचना स्पष्ट होते. दुपारी सर्व सपाट दिसते.

2. पांढरे मीठ यंत्रास फार उजळ वाटते व ते चित्र काळपट करते. म्हणून प्रकाशाचे प्रमाण किंचित वाढवावे.

3. प्रत्येक स्थळाची तीन चित्रे घ्यावीत : दुरून, मध्यम अंतरावरून व जवळून. जवळच्या चित्रात मोजपट्टी ठेवावी.

4. त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे व ऑगस्ट या महिन्यांत चित्र घ्यावे.

5. प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, स्थळ, दिशा व भरती-ओहोटीची स्थिती लिहावी. नोंदीवाचून चित्र मुके असते.

6. काम करणाऱ्या माणसाचे चित्र त्याच्या संमतीखेरीज घेऊ नये. संमती मिळाल्यास त्याचे काम, अवजार व त्याने सांगितलेले शब्द लिहून घ्यावेत.

उपरोक्त सहलीत मुलांनी पुष्कळ चित्रे आणली. ती सर्व आकाशाची, प्रतिबिंबांची व बगळ्यांची होती. बांधावर मीठ ओढणारा मनुष्य दिवसभर समोर होता; तो एकाही चित्रात नव्हता. दोष मुलांचा नव्हता. काय पाहावे, हे मीच त्यांस सांगितले नव्हते.

दक्षता

या बाबतीत शिक्षकाने तिळमात्र ढिलाई करू नये. मिठागरात जाण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी, बांधावरूनच चालावे, वाफ्यात पाय घालू नये, खाजणातील चिखलात उतरू नये, भरतीपूर्वी परतावे. टोपी व पिण्याचे पाणी प्रत्येकाजवळ असावे. सोडून दिलेल्या दगडखाणींत पावसाचे पाणी साचून तलाव होतात. त्यांचा काठ सरळ तुटलेला असतो, काठालगतच खोली एकदम वाढते, आणि वर येण्यास पायठाण नसते. अशा पाण्यात पोहणारेही बुडतात. म्हणून अशा खाणींकडे विद्यार्थ्यांस कदापि नेऊ नये, आणि सुटीच्या दिवशी तेथे का जाऊ नये, हे कारणांसह समजावून सांगावे. केवळ मनाई केल्याने कुतूहल वाढते. कारण सांगितल्याने शहाणपण येते.

स्वाध्याय

(अ) घरातील किंवा शेजारच्या वृद्धांस विचारा : आपण राहतो त्या जागी पूर्वी काय होते? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

(आ) आपल्या शाळेच्या बांधकामातील दगड, वाळू व खडी ही कोठून आली असतील, याची चौकशी करा.

(इ) एक छायाचित्र निवडून, त्यात जे दिसत नाही त्याविषयी दहा ओळी लिहा.

समारोप

ही मिठागरे व टेकड्या कोणत्या रूपाने राहतील, हे ठरविणे शाळेच्या हाती नाही. वस्ती वाढते, लोकांस घरे हवी असतात. परंतु येथे काय होते आणि कोणी कष्ट केले, याची खरी नोंद ठेवणे प्रत्येक शाळेस शक्य आहे. वर्षाअखेर वर्गाच्या भिंतीवर चार महिन्यांची चार चित्रे ओळीने लावावीत. ती पाहून मूल आपण होऊन म्हणेल, "हे वाळवंट नाही, हे कोणाचे तरी शेत आहे." तसे झाले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.