घटक ६ : कारकिर्दीचे लेखन – पॉली उमरीगर यांच्या कसोटी कारकिर्दीच्या आधारे

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• 'कारकीर्द' या शब्दाचा अर्थविस्तार सांगता येईल.
• खेळाडूच्या कामगिरीचे आकडे आणि त्यांचा कालक्रम यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• यशापयश जोडणाऱ्या उभयान्वयी अव्ययांची निवड विचारपूर्वक करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वृत्तपत्रे, स्मरणिका आणि गौरवग्रंथ यांसाठी एखाद्याच्या कारकिर्दीचा आढावा लिहिण्याचे काम मराठीच्या पदवीधराकडे हमखास येते. हे काम वरवर सोपे वाटते. जन्म, पदार्पण, विक्रम, पुरस्कार आणि निवृत्ती एवढे लिहिले की लेख झाला, असा समज असतो. प्रत्यक्षात असे लेख एकमेकांसारखे होतात आणि त्यांतून माणूस हरवतो. तसे का होते, हे पाहण्यासाठी आपण एका खेळाडूचे उदाहरण घेऊ. क्रिकेटच्या नोंदपुस्तकांत पहलन रतनजी ऊर्फ पॉली उमरीगर यांचे जन्मस्थान सोलापूर आणि जन्मदिनांक २८ मार्च १९२६ असा दिलेला आहे. ते शाळकरी वयात असतानाच त्यांचे कुटुंब मुंबईला गेले व त्यांचे क्रिकेट तेथे घडले. म्हणून 'सोलापूरचे सुपुत्र' असे लिहिताना सोलापूरकराने जन्मभूमीचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र घडणीचे श्रेय आपल्या गावाकडे ओढू नये. लेखनातील प्रामाणिकपणा पहिल्या वाक्यापासूनच सुरू होतो.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ शब्दाचा अर्थविस्तार

'कारकीर्द' हा शब्द फारसीतून मराठीत आला. पूर्वी तो मुख्यतः राज्यकर्त्याच्या अंमलाचा काळ दाखवीत असे. 'थोरल्या माधवरावांची कारकीर्द' असे आपण आजही म्हणतो. पुढे लेखक, नट, खेळाडू यांच्या कार्यकाळालाही तो लागू झाला. क्रिकेटच्या परिभाषेतील 'गोलंदाज' हा शब्दही मूळचा तोफखान्यातला आहे. अशा शब्दांबरोबर राजवटीचा थाट नकळत लेखनात उतरतो. खेळाडू 'अधिराज्य गाजवतो', प्रतिस्पर्धी 'शरणागती पत्करतात'. राजाच्या बखरीत पराभवाला फारशी जागा नसते. खेळाडूच्या कारकिर्दीत मात्र पराभव हा नित्याचा भाग असतो.

६.३.२ बेरीज आणि क्रम

उमरीगर यांनी ५९ कसोटी सामन्यांत ४२.२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा केल्या, १२ शतके झळकावली आणि ३५ बळी घेतले. निवृत्तीच्या वेळी भारतातर्फे सर्वाधिक कसोटी सामने, धावा आणि शतके त्यांच्याच नावावर होती. ही झाली बेरीज. आता क्रम पाहा.

• डिसेंबर १९४८ : मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पण.
• फेब्रुवारी १९५२ : मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध नाबाद १३०. भारताचा हा पहिलाच कसोटी विजय.
• उन्हाळा १९५२ : इंग्लंडमध्ये चार कसोटींतील सात डावांत मिळून ४३ धावा.
• १९५३ : वेस्ट इंडीजमधील पाच कसोटींत दोन शतकांसह ५६० धावा.
• नोव्हेंबर १९५५ : हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३. भारतीयाचे पहिले कसोटी द्विशतक.
• जानेवारी १९५९ : संघनिवडीवरील मतभेदामुळे मद्रास कसोटीच्या तोंडावर कर्णधारपदाचा त्याग. तोवर आठ कसोटींत नेतृत्व. दोन विजय, दोन पराभव, चार अनिर्णित.
• जुलै १९५९ : इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ११८.

सरासरी पाहून तुम्हांला १९५२ चा उन्हाळा दिसणार नाही. फ्रेड ट्रूमन यांच्या वेगापुढे उमरीगर लेग साइडला सरकत, अशी टीका त्या वेळी झाली आणि त्यावर विनोदही रचले गेले. त्याच दौऱ्यात, कसोटीखेरीज इतर सामने धरून, त्यांनी दीड हजारांहून अधिक प्रथम श्रेणीच्या धावा केल्या होत्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली वगळली तर लेख खुशामत करणारा होतो आणि दुसरी वगळली तर अन्याय करणारा होतो.

६.३.३ 'म्हणून', 'त्यानंतर' आणि 'तरीही'

पुढील वाक्यांची तुलना करा.

(अ) १९५२ मध्ये ते अपयशी ठरले, म्हणून १९५३ मध्ये त्यांनी ५६० धावा केल्या.
(आ) १९५२ मध्ये ते अपयशी ठरले; त्यानंतर १९५३ मध्ये त्यांनी ५६० धावा केल्या.
(इ) १९५२ मध्ये ते अपयशी ठरले. तरीही १९५३ मध्ये त्यांनी ५६० धावा केल्या.

तिन्ही वाक्यांत घटना त्याच आहेत, परंतु विधाने तीन आहेत. (अ) कार्यकारणभाव सांगते. तो सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकावर येते. (आ) केवळ क्रम सांगते. (इ) वाचकाच्या अपेक्षेला छेद देते. गौरवलेखात 'म्हणून' सहज येते, कारण 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हा सुविचार आपल्या मनात आधीच तयार असतो. पुरावा नसेल तर (आ) निवडावे. वेस्ट इंडीजमधल्या त्या यशाने इंग्लंडमधील प्रश्न सुटला नव्हता. तेथे कसोटी शतक होण्यास १९५९ उजाडावे लागले आणि ती मालिका भारताने ०–५ अशी गमावली. हा सात वर्षांचा काळ एका 'म्हणून'मध्ये मावत नाही.

६.३.४ हरलेल्या सामन्यातील खेळ

एप्रिल १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथील कसोटीत उमरीगर यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या व १०७ धावांत ५ बळी घेतले. भारत तो सामना सात गडी राखून हरला. पुढच्या किंग्स्टन कसोटीनंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. निकालाच्या रकान्यात हा केवळ पराभव आहे.

क्रिकेटबाहेरचे उदाहरण पाहा. जपानचे फिगर स्केटर युझुरू हान्यू यांनी २०१४ आणि २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. २०२२ मध्ये बीजिंग येथे त्यांनी हवेत साडेचार फिरक्यांची उडी घेण्याचा प्रयत्न केला, ते पडले आणि चौथे आले. त्याच वर्षी त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. 'सुवर्ण, सुवर्ण, चौथा' असा क्रम वाचणाऱ्याला उतार दिसेल. उडी ठाऊक असणाऱ्याला धाडस दिसेल. क्रमांक देणे हे परीक्षकांचे काम आहे. त्या क्रमांकामागे काय पणाला लागले होते, हे सांगणे लेखकाचे काम आहे. दोन्ही खेळाडूंच्या बाबतीत निकाल लपवू नये आणि निकालावर थांबूही नये.

६.४ सारांश

कारकीर्द ही आकड्यांच्या बेरजेने नव्हे, त्यांच्या क्रमाने कळते. अपयशाचा काळ मोजक्या, तथ्याधारित वाक्यांत यावा. घटना जोडणारे अव्यय हे स्वतःच एक विधान असते; त्यासाठीही पुरावा लागतो.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'कारकीर्द' या शब्दाचा अर्थविस्तार सोदाहरण स्पष्ट करा.
२. ६.३.३ मधील तीन वाक्यांतील अर्थभेद तुमच्या शब्दांत लिहा.
३. उमरीगर यांच्या १९६२ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीवर विशेषणे न वापरता दहा ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या तालुक्यातील एखाद्या ज्येष्ठ मल्लाची, कबड्डीपटूची किंवा धावपटूची मुलाखत घ्या. त्यांच्या सर्वांत वाईट हंगामाविषयी आदराने विचारा. मिळालेल्या माहितीवर ३०० शब्दांचा लेख लिहा आणि प्रत्येक 'म्हणून' खाली रेघ ओढून तो तपासा.