निमुळत्या आट्यांसाठी छिद्राची पूर्वतयारी

गावाच्या पाणीपुरवठा योजनेत विहीर, पंपगृह व टाकी यांचा विचार सविस्तर होतो. सांध्यांचा विचार मात्र गळती सुरू झाल्यावरच होतो. एका सांध्यातून मिनिटाला एक लिटर पाणी गळाले, तर दिवसाला १,४४० लिटर वाया जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने हे २६ माणसांचे पाणी होय.

पंपाच्या ओतीव लोखंडी कवचात दाबमापक किंवा तोटी बसविण्यासाठी छिद्र घेऊन त्यात आटे पाडावे लागतात. साध्या बोल्टचे आटे समांतर असतात. नळाचे आटे जेथे स्वतःच पाणी अडवितात, तेथे ते निमुळते ठेवतात. भारतीय मानक ५५४ मध्ये हे प्रमाण १६ ला १ असे आहे. म्हणजे १६ मिलिमीटर अंतरात व्यास १ मिलिमीटरने घटतो. त्यामुळे नळ पाचरीसारखा घट्ट बसत जातो.

ड्रिलने घेतलेले छिद्र मात्र सर्वत्र सारख्याच व्यासाचे असते. ते तोंडाशी लागणाऱ्या व्यासाइतके मोठे घेतल्यास आतील आटे उथळ राहतात. ते आतील लहान व्यासाप्रमाणे घेतल्यास तोंडाजवळ टॅपला पुष्कळ धातू कापावा लागतो. निमुळता टॅप छिद्रात शिरलेल्या सर्व लांबीवर एकाच वेळी कापत असल्याने त्याच्यावर मोठा ताण येतो. आटे फाटतात, प्रसंगी टॅपही मोडतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम लहान व्यासाचे छिद्र घ्यावे, त्यात १६ ला १ प्रमाणाचा निमुळता रीमर फिरवावा आणि मगच टॅप चालवावा. त्यामुळे सर्व आट्यांसाठी सारखाच धातू उरतो. रीमर वापरणे व न वापरणे यांसाठी ड्रिलची मापे वेगवेगळी असतात. ती टॅप उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावीत. टॅप अधिक खोल नेल्यास छिद्राचे तोंड सैल होते. म्हणून निमुळत्या प्लग गेजने माप वारंवार तपासावे.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश व अमेरिकन नळांचे आटे इंचाला १४ च असतात; परंतु आट्याचा कोन पहिल्यात ५५ अंश, तर दुसऱ्यात ६० अंश असतो. ते एकमेकांत काही फेरे बसतात, पण सांधा गळतो.

टेफ्लॉनची पट्टी किंवा सफेदा लावलेला ताग आट्यांमधील बारीक फट भरतो. चुकीच्या छिद्राची भरपाई करीत नाही. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी प्रात्यक्षिकात टॅपइतकेच महत्त्व रीमरला द्यावे. ग्रामपंचायतीनेही काम ताब्यात घेण्यापूर्वी पाण्याचा दाब देऊन प्रत्येक सांधा कोरडा राहतो, याची खात्री करून घ्यावी.