जुन्या नळीला नवे अस्तर

बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते तुम्ही पाहिले असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. ती जाळात तापवली की फुगते. मग घाईघाईने चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. धाव आकसते अन् चाकाला गच्च आवळते.

तोफेच्या झिजलेल्या नळीला नवे अस्तर घालतात, तेव्हा हीच युक्ती कामाला येते. जुनी नळी ही धाव आणि आतली नवी नळी हे चाक, असे समजा.

पण नळी झिजते कशाने? दारू पेटली की आत भयंकर तापलेला वायू होतो. तो दर बाराला आतले थोडे लोखंड खातो. जुन्या काळ्या दारूची काजळी ओल धरते, त्याने गंजही चढतो. मग गोळी नळीत सैल बसते आणि नेमाला जात नाही.

अस्तर घालायचे तर आधी जुने भोक मोठे करायला हवे. खरी कसोटी इथेच. अंबरनाथला सरकारने 1953 साली यंत्रे बनवणारा कारखाना काढला. त्याचे नाव मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात लहान वर्कशॉपेही पुष्कळ आहेत. तुमचा मुलगा किंवा पुतण्या तिकडे लेथवर असेल, तर त्याला विचारा, "बाबा रे, दोन हात लांब भोक सरळ पाडशील का?" तो आधी हसेल!

सुताराचे गिरमिट लांब असले की वाकडे जाते ना? ड्रिलचेही तसेच. ते एका अंगाला सरकले, तर नळीची एक बाजू जाड राहते आणि दुसरी पातळ. त्यात आत लोखंडाचा कीस साचतो, ड्रिल तापते आणि मध्येच मोडते. म्हणून अशा कामाचे ड्रिल वेगळे असते. ते आतून पोकळ असते. त्यातून जोराने तेल सोडतात. तेल धार थंड ठेवते आणि कीस बाहेर ढकलते. पुष्कळदा ड्रिल स्थिर ठेवून नळीच फिरवतात. तसे केल्याने भोक कमी भरकटते.

मग नवी नळी बसवायची. शंभर मिलिमीटर रुंद भोकाची पोलादी नळी तीनशे अंशांनी तापवली, तरी भोक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. म्हणजे सारा खेळ केसाएवढ्या फरकाचा. नवी नळी अर्ध्यावर अडकली आणि वरची निवली, की ती पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

इंग्लंडमध्ये पॅलिसर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1860 नंतर निराळी रीत काढली. त्याने जुन्या बिडाच्या तोफा कोरून आत घडीव लोखंडाची नळी घातली, ती जराशी सैलच. मग जादा दारूचा बार काढला. त्या दाबाने आतली नळी फुगून बाहेरच्या नळीला भिडली. धावेच्या अगदी उलट!

आता हे वाचून घरची ठासणीची बंदूक कुणी लेथवाल्याकडे नेऊ नका. परवाना नसलेल्याने बंदूक दुरुस्त करणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. शिवाय पातळ राहिलेली बाजू बार काढताना फुटते, आणि तिथेच आपला डावा हात असतो. जाणते कारागीरसुद्धा दुरुस्तीनंतरचा पहिला बार खांद्याला लावून काढीत नाहीत. बंदूक चौकटीत आवळतात आणि लांब आडोशाला उभे राहून चाप दोरीने ओढतात.