‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ : एक शब्दविचार

आचारप्रकरणात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून संबंधीजनांचा संबंध त्याज्य सांगितला आहे. येथे त्यागाचे कर्म ‘ग्राम’ नसून ‘संबंध’ आहे. हे ध्यानी न घेतल्यास अर्थाची गल्लत होते.

तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांप्रमाणेच सुटणे-सोडणे ही जोडी होय. पहिले रूप अकर्मक, दुसरे सकर्मक. ‘त्याने गाव सोडले’ यात मनुष्य कर्ता आहे. ‘त्याचे गाव सुटले’ यात गाव कर्ता होते व मनुष्य षष्ठीत जातो; करणे त्याच्या हाती उरत नाही. जुन्या मराठीत त्यागार्थी रूढ असलेले ‘सांडणे’ हे क्रियापदही आज बहुधा दूध वा धान्य नकळत खाली पडण्यापुरते उरले आहे.

पालघर जिल्ह्यातील उदाहरण घ्यावे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. हे संच २००५ व २००६ साली कार्यान्वित झाले. तेथील मच्छीमार व शेतकऱ्यांनी ‘गाव सोडले’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध, पण अर्थाने अशुद्ध होय. त्यांचे गाव सुटले. ज्यास ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती, त्याचा त्याग कसला? अशांस त्यागी म्हणून गौरविणे म्हणजे त्यांचे न्याय्य देणे स्तुतीने फेडणे होय.

याउलट, बोईसरच्या कारखान्यांत दूरदेशाहून आलेला कामगार पोटासाठी स्वेच्छेने गाव सोडतो, परंतु मिळकतीतून घरी पैसे धाडतो. त्याने ग्राम सोडला, संबंध राखला. गृहस्थास हे भूषणच आहे. परंतु भिक्षुवेष घेऊन, अटन करूनही जो मनाने घरच्या उंबरठ्यावरच बसतो, त्याचे काय? त्याचा ग्राम पायांनी सुटला. संबंध सोडावयाचा राहिलाच.

म्हणून साधकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : वस्तू आपण सोडली, की ती आपल्या हातून सुटली? वार्धक्याने चव गेली, दारिद्र्याने वैभव गेले, तर त्यास त्याग म्हणू नये.

या धातूचे तिसरे रूप ‘सोडविणे’. अविद्येने बांधलेला जीव स्वबळाने सुटत नाही. त्यास परमेश्वरच सोडवितो. सोडणे जीवाचे, सोडविणे परमेश्वराचे आणि सुटणे हे फळ. पहिले आपल्याकडे आहे, तेवढे तरी आपल्या हातून घडावे.