चाचणीत ‘अंतर्मुख’ निघालो, आता काम बदलायचं का?

प्रश्न : आमच्या कंपनीत सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. माझा निकाल ‘अंतर्मुख’ आला. तेव्हापासून साहेब म्हणतात, ग्राहकांशी बोलण्याचं काम तुम्हाला जमणारं नाही. ही चाचणी युंगच्या सिद्धांतावर आधारलेली आहे म्हणे. युंगला खरंच असं म्हणायचं होतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांना एक कोडं पडलं होतं. एकाच रुग्णाच्या मानसिक दुखण्याचा उलगडा त्यांच्याच काळातले मनोविश्लेषक फ्रॉइड एका तऱ्हेनं करतात, मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडलर अगदी वेगळ्या तऱ्हेनं, आणि दोन्ही पटतात. हे कसं? युंगना उत्तर सापडलं ते पाहणाऱ्याच्या स्वभावात. फ्रॉइडची नजर बाहेरच्या माणसांकडे नि नात्यांकडे वळते, अ‍ॅडलरची आतल्या ‘मी’कडे. यातून १९२१ साली ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ हा ग्रंथ आला. म्हणजे या मांडणीचा पहिला उपयोग आपल्याच नजरेचा कल ओळखण्यासाठी आहे, आणि तो तुमच्या साहेबांनाही लागू पडतो.

युंगच्या मते प्रत्येकात बहिर्मुख आणि अंतर्मुख अशा दोन्ही वृत्ती असतात, त्यातली एक जास्त वापरात येते. मनाची ऊर्जा आधी कुठे धावते, एवढंच त्यातून कळतं. बोलता येतं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. गर्दीत थकणारा माणूस समोरच्या एका ग्राहकाचं म्हणणं मन लावून ऐकू शकतो.

तुम्ही दिलेली चाचणी बहुधा ‘मायर्स-ब्रिग्ज’ किंवा त्या धर्तीची असावी. युंगचा ग्रंथ वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल यांनी ती तयार केली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तिच्यात माणसांचे १६ प्रकार पडतात. अडचण अशी, की जेमतेम अंतर्मुख आणि पुरता अंतर्मुख या दोघांनाही एकच शिक्का मिळतो. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली, तर अनेकांचा प्रकार बदलतो. नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नये, असं चाचणीचे प्रकाशकच सांगतात.

मग युंगचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे. विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा अशा मनाच्या चार शक्ती त्यांनी सांगितल्या. एक शक्ती फार वापरली, की तिच्या विरुद्धची कच्ची राहते आणि ताणाच्या वेळी बेढबपणे उसळून येते. दिवसभर आकडे थंडपणे तपासणारा माणूस, सहकाऱ्यानं जेवायला हाक मारली नाही म्हणून आठवडाभर अबोला धरतो. तिथे त्याची दुर्लक्षित भावना बोलत असते. तिला वेळेवर थोडी जागा दिली, दुखलं ते त्याच दिवशी सांगितलं, तर तीही हळूहळू पक्की होते.

तेव्हा दोन गोष्टी करा. कामावर आपण कशानं एकदम बिथरतो, हे महिनाभर टिपून ठेवा. तुमची कच्ची बाजू चाचणीपेक्षा त्या नोंदींत जास्त स्पष्ट दिसेल. आणि साहेबांकडे एखादा ग्राहक मागून घ्या, तीन महिन्यांचं काम पाहून ठरवा म्हणावं. युंगच्या लेखी माणूस आयुष्यभर घडत असतो, त्याला एका निकालपत्रावरून बाद करण्याचा हक्क कुणालाच नाही.