खावटी आणि भेट

खापा, ता. सावनेर

चि. भाचीस,

सनद घेऊन सावनेरच्या कोर्टात उभी राहिलीस, आता खावटीच्या केसेस तुझ्याकडे येतीलच. त्यांत एक हट्ट हटकून ऐकायला मिळेल. आई म्हणेल, पैसे येत नाहीत तर पोर दाखवणार नाही. बाप म्हणेल, पोर दिसत नाही तर पैसे कशाचे? दोघांनाही हा हिशोब रोखठोक वाटतो, पण कायद्यात त्याला जागा नाही. पोटगीचा हुकूम वेगळा, ताब्या-भेटीचा वेगळा, आणि दोन्ही मुलासाठी. एकाने एक मोडला म्हणून दुसऱ्याला दुसरा मोडायची मुभा मिळत नाही. बदल हवा असेल तर तो कोर्टाकडून, आणि वेळेत मागायचा. अशिलाच्या गळी एवढं उतरवलंस तरी निम्मं काम झालं.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेलं प्रकरण नीट वाच. पत्नीने सप्टेंबर 2013 मध्ये अंतरिम पोटगी मागितली. 24 ऑगस्ट 2015 ला तिला महिना 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000, त्या सप्टेंबरपासून 10,000 मंजूर झाले. नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये हुकूम कायम केला, तरी वाद दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 4 नोव्हेंबर 2020 ला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल आला. अंतरिम रकमेसाठी सात वर्षं! पण त्यातून देशाला नियम मिळाले: दोघांनी मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीही करता येते. हे शेवटचं आपल्या भागात फार कामाचं. गुमगाव खाणीतल्या कायम कामगाराच्या पगारावर जप्ती आणता येते; साध्या कर्जापायी पगाराचा मोठा हिस्सा जप्तीतून सुटतो, पोटगीपायी मात्र एक तृतीयांशच सुटतो. रोजंदारीवरच्या किंवा मागावरच्या बापाकडे पगारपत्रक नसतं. तिथे शपथपत्र, बँकेच्या नोंदी आणि तुझी उलटतपासणी, एवढीच हत्यारं.

पोटगी थकवली म्हणून बापाला आत टाकलं तर कमावणार कोण, असं तुला विचारतील. प्रश्न रास्त आहे, म्हणून मी जप्ती आधी आणि तुरुंग शेवटी ठेवतो. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगितलं आहे. पण वसुलीच्या वॉरंटचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत व्हायला हवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मधली ही अट नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही आहे. ‘दिवाळीपर्यंत देतो’ या भरवशावर बसलेल्या बाईचे महिने असेच हातचे जातात. उलट, काम सुटलेला बाप लबाडच असतो असंही धरू नकोस. त्याने काम सुटताच नव्या संहितेच्याच कलम 146 खाली रक्कम कमी करून मागावी. गुपचूप निम्मे पैसे पाठवत राहिला, तर उरलेल्या निम्म्याची थकबाकी साचते आणि मागाहून केलेला अर्ज ती पुसत नाही.

ताब्याचा हुकूम तर कधीच कायमचा नसतो. रोझी जेकब प्रकरणात 1973 मध्ये आणि विक्रम वीर व्होरा प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: मुलाची परिस्थिती बदलली की हुकूम बदलता येतो. मोजमाप मुलाच्या हिताचं, आईबापांच्या रागाचं नव्हे. मग बाप मारकुटा असेल तर? तरीही दार परस्पर लावून घेऊ नये. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली भेट घातक वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. तसा अर्ज त्याच आठवड्यात टाक. गावातली बैठक लवकर निकाल लावते, हेही मला मान्य. तडजोड चांगली असेल तर घ्यावीच, पण तिची लेखी पुरसीस कोर्टात दाखल कर. पंचांच्या शब्दावर वॉरंट निघत नाही.

आणि भेटीचा मसुदा करताना वार, वेळ, जागा, मुलाला आणायचं कोणी, पोचवायचं कोणी, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सगळं लिही. ‘सोयीनुसार भेट’ एवढंच लिहून आणलंस, तर दरखास्तीच्या वेळी कोर्ट तुलाच विचारेल, नेमकं मोडलं काय?

तुझा,
मामा