मांडणीतली रोपवाटिका आणि ग्वाल्हेरची थंडी

प्रश्न : खिडकीजवळच्या मांडणीला प्लास्टिक लावून डिसेंबरात टोमॅटो-मिरचीचं बी पेरलं. टोमॅटोची रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली. मिरची उगवलीच नाही. काय करू? – एक वाचक, फूलबाग, ग्वाल्हेर

उत्तर : रोपं गेली ती मर रोगाने. तुमच्याकडे धुक्यात दिवसचे दिवस ऊन नसतं. बंद प्लास्टिकच्या आतून पाणी ठिबकतं, माती ओलीच राहते आणि बुरशी कोवळ्या बुंध्यावर चढते. म्हणून दुपारी दोन-तीन तास प्लास्टिक वर गुंडाळून ठेवाच. पाणी सकाळी, वरची माती सुकल्यावर, आणि ट्रे पाण्यात टेकवून खालून द्या. बागेतली माती नको. कोकोपीट आणि गांडूळखत घ्या, त्यात ट्रायकोडर्मा मिसळा.

मिरचीला उगवायला २५ ते ३० अंश ऊब लागते. बी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला, डबा फ्रीजच्या मागच्या उबदार बाजूला ठेवा. पांढरं टोक दिसताच पेरा. जानेवारीतही उशीर झालेला नाही. उगवल्यावर मात्र भरपूर उजेड हवा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात. चार-पाच खरी पानं आली की रोपांना आठवडाभर रोज थोडी थोडी बाहेरच्या उन्हाची सवय लावा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर, रात्रीचा गारठा उतरला की कुंडीत लावा.